नगरपंचायतीच्या रस्त्या-नाल्यांचा पैसा येतो कुठून? समजून घ्या समुद्रपूरच्या उदाहरणातून

रस्ता, नाली किंवा पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन झालं की फलक लागतो : 'अमुक कोटींचा निधी मंजूर'. हा निधी नेमका कुणाचा असतो? आणि मंजूर होऊनही काम का रखडतं?

वर्धा जिल्ह्यातलं समुद्रपूर हे तालुक्याचं ठिकाण. अशा गावांच्या ग्रामपंचायतींचं नगरपंचायतीत रूपांतर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१४ मध्ये घेतला. त्यामुळे समुद्रपूर, सेलू, आष्टी आणि कारंजा इथे नगरपंचायती आल्या. शहराच्या जबाबदाऱ्या आल्या, पण कमाई गावाएवढीच राहिली.

स्वतःची कमाई किती पुरते?

घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळेभाडे ही नगरपंचायतीची मुख्य कमाई. नगरपरिषदांची जकात तर राज्याने १९९९ मध्येच बंद केली आणि त्याबदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. रोजचा खर्च भागवल्यावर मोठ्या कामासाठी फारसं काही उरत नाही. म्हणून भांडवली कामं अनुदानावर अवलंबून असतात.

केंद्राचा पैसा कसा येतो?

पहिला मार्ग वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना दिलेल्या निधीचे दोन भाग होते. ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार. मात्र त्यातून पगार देता येत नाहीत. जमाखर्च ऑनलाइन प्रसिद्ध करणं आणि मालमत्ता कराची वसुली वाढवणं, अशा अटीही होत्या.

दुसरा मार्ग योजनांचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या 'अमृत २.०' मध्ये एक लाखाखालील शहरांच्या पाणी प्रकल्पाला केंद्र ५० टक्के रक्कम देतं. उरलेला भार राज्य आणि स्थानिक संस्थेवर. केंद्राचा हिस्सा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळतो.

समजा, योजना १० कोटींची आहे. केंद्राचे ५ कोटी, पण पहिल्या हप्त्यात हाती येतो फक्त १ कोटी. तो खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचे २ कोटी सुटत नाहीत.

याशिवाय राज्याचं नगरोत्थान महाअभियान आणि जिल्हा नियोजन समितीचा निधीही असतो.

काम अडतं कुठे?

सभेचा ठराव, प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. एवढ्या पायऱ्या चढल्यावर काम सुरू होतं. त्यामुळे 'मंजूर' म्हणजे 'पैसे जमा' नव्हे. स्वतःचा हिस्सा भरता आला नाही किंवा प्रमाणपत्र उशिरा गेलं, तरी गाडी थांबते.

खरी कसोटी नंतरची

अनुदानातून टाकी बांधली जाते. पण पंपाचं वीजबिल, गळती दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांचा पगार ही नगरपंचायतीची जबाबदारी. तो पैसा प्रामुख्याने पाणीपट्टीतूनच यावा लागतो. वसुली नसेल, तर नवी योजनाही काही वर्षांत बंद पडू शकते.

तुम्ही काय तपासाल?

• फलकावर योजनेचं नाव आहे का? त्यावरून पैसा केंद्राचा, राज्याचा की जिल्ह्याचा, हे कळतं.
• नगरपंचायतीच्या अर्थसंकल्पात भांडवली जमा आणि भांडवली खर्च किती आहे?
• किती हप्ते आले आणि किती खर्च झाले? ही माहिती माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली मागता येते.

'निधी कुणी आणला' यावर गावात चर्चा होतच राहते. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा : काम पूर्ण झाल्यावर ते चालवायचा पैसा कुठून येणार?