खासगी टॅबची भिंत कुणापासून?

आज आपण मोबाइलमधल्या एका छोट्याशा गोष्टीचा इतिहास पाहणार आहोत. ती म्हणजे खासगी टॅब. कुणी त्याला इन्कॉग्निटो म्हणतं, कुणी प्रायव्हेट. तो बंद केला की मागं काहीच उरत नाही, असं आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा, हे पाहायला थोडं मागं जाऊ.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. त्याआधी एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की संकेतस्थळाला आपण पुन्हा नवखेच. कुकीमुळे दुकानदाराला गिऱ्हाईक लक्षात राहू लागलं. सोय झाली, पण ब्राउझरच्या पोटात आपल्या येण्याजाण्याची नोंदही साठू लागली. आणि घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे चार! ती नोंद कुणीही उघडून पाहावी.

मोठ्या ब्राउझरांपैकी सफारीनं यावर पहिल्यांदा उपाय दिला, एप्रिल २००५ मध्ये. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो इन्कॉग्निटो घेऊनच. २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आणि फायरफॉक्स ३.५ यांनीही तीच वाट धरली. ढोबळमानानं सगळ्यांचं वचन एकच होतं: खासगी काम संपवलंत की इतिहास आणि कुकी त्या यंत्रावर ठेवणार नाही. उतरवून घेतलेली फाइल मात्र राहणार.

म्हणजे ही भिंत घातली गेली ती एकच यंत्र वापरणाऱ्या माणसांमध्ये. इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क, समोरचं संकेतस्थळ यांच्यापासून ती आपल्याला लपवत नव्हती. २०१० मध्ये काही संशोधकांनी चार ब्राउझर तपासले, तेव्हा ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनांमुळे यंत्रावरही खुणा राहू शकतात, असं दिसलं.

आता मोबाइलकडे येऊ. कॉम्प्युटरवर खिडकी बंद करण्याची आपल्याला सवय असते. फोनवर ब्राउझर कोण बंद करतं? फोन आला, होमचं बटण दाबलं, निघालो. टॅब तिथंच उघडा! 'बंद केलं की पुसलं' हे वचन इथं लटकं पडतं, कारण बंद करणं घडतच नाही.

आयफोनवर २०११ मध्ये, आयओएस ५ मध्ये, ही सोय आली तीही सेटिंगमधल्या एका खटक्याच्या रूपात. २०१३ मध्ये ती सफारीच्या आत आली. अँड्रॉइडवर क्रोमनं वरच्या पट्टीत सूचना ठेवली: इथं दाबा, सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद होतील. पुढे कुलूप आलं. २०२३ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोमला बोटाच्या ठशाचं, आणि आयओएस १७ मध्ये सफारीच्या खासगी टॅबना चेहऱ्याचं. पुसण्याची वाट न पाहता दार लावून घेण्याचा हा विचार.

आणखी एक फरक लक्षात ठेवू. क्रोममध्ये सगळे इन्कॉग्निटो टॅब एकाच खोलीत बसतात. एकात लॉग-इन केलं की दुसऱ्यालाही ते कळतं, आणि शेवटचा टॅब मिटेपर्यंत कुकी जिवंत असते.

शब्दाचा घोळ अखेर कोर्टात गेला. इन्कॉग्निटोमध्ये असतानाही गुगल माहिती गोळा करतं, असा दावा २०२० मध्ये अमेरिकेत दाखल झाला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी समोर आल्या: गुगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या किंवा त्यातली ओळख काढून टाकायची. इन्कॉग्निटो उघडताना दिसणारा मजकूरही बदलला.

हे सगळं आपण का उगाळतोय? आपल्याकडे अनेक घरांत एक फोन दोघातिघांच्या हातात फिरतो. घरातल्या मारहाणीतून सुटकेसाठी मदत शोधणाऱ्या एखाद्या बाईसाठी ही भिंत फार मोलाची आहे. पण तिनं टॅब मिटला नाही, तर पुढचा हात तोच टॅब उघडणार. आणि खासगी टॅबमध्येच स्वतःच्या खात्यात शिरली, तर त्या खात्यात नोंद राहू शकते.

तेव्हा काम झालं की टॅब स्वतःच्या हातानं मिटवा, उतरवलेली फाइल काढून टाका. आणि घरात ज्याला हे ठाऊक नाही, त्याला आज सांगा.