कोत्झ्वाराचा शेवट

मंडळी, आजचा विषय जरा संकोचाचा आहे. पण या ब्लॉगवर आमची भाचरं आणि मोठी झालेली नातवंडंही डोकावतात, म्हणूनच लिहायचं ठरवलं. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हा धडा मात्र कधीच शिकवला नाही.

फ्रांतिशेक कोत्झ्वारा हा मूळचा प्रागचा संगीतकार. 'द बॅटल ऑफ प्राग' ही त्याची पियानोची रचना एके काळी घरोघरी वाजायची. मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मध्येसुद्धा तिचा उल्लेख आहे. २ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये, व्हाइन स्ट्रीटवरच्या सुझॅना हिल नावाच्या वेश्येच्या घरी तो मरण पावला. कामसुख वाढावं म्हणून त्याने आपणहून गळ्याला फास लावून घेतला होता. खुनाचा आरोप आला बिचाऱ्या सुझॅनावर. त्याच महिन्यात ओल्ड बेलीच्या कोर्टात खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. बभ्रा नको म्हणून खटल्याचे कागद नष्ट करायला सांगितले, असं म्हणतात.

मला अस्वस्थ करतं ते हे शेवटचं. कागद गेले, पण तीच चूक करणारी माणसं पुढेही होत राहिली, आजही होतात.

यात घडतं काय? मानेवर दाब आला की मेंदूचं रक्त अडतं आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. 'वेळ आली की थांबू' असं माणूस म्हणतो, पण थांबायचं हे ठरवणारा मेंदूच आधी मंदावतो. प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. सोबत कुणी असलं तरी हृदय अचानक बंद पडू शकतं. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली, तर काही दिवसांनीही पक्षाघात होतो. याची सुरक्षित पद्धत नाही. एकट्याने केलं तर हाक मारायलाही कुणी नसतं, आणि मागे राहिलेले आईवडील आत्महत्या समजून जन्मभर स्वतःला बोल लावत बसतात.

ज्या देशात हा खटला चालला, तिथे जून २०२२ पासून गळा आवळणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, मग माणूस जिवंत राहिला तरीही. कायद्याला इथवर यायला दोनशे तीस वर्षं लागली.

आपण मात्र अजूनही घरात या गोष्टींवर बोलत नाही. पडद्यावर पाहून मुलं हे नेहमीचंच समजतात. तेव्हा नातवंडांनो, कुणी कितीही गळ घातली, तरी इथे 'नाही' म्हणा. आणि असं काही घडून गेलं असेल, आवाज बसला असेल, मान दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर लाज गुंडाळून ठेवून थेट डॉक्टरांकडे जा. ओरडा खावा लागेल म्हणून लपवू नका. आजोबा रागावणार नाहीत.

असो. आज एवढंच.