गोफणीपासून ड्रोनपर्यंत

ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे शेतावर उतरतात, आणि माळ्यावर चढून गोफण फिरवणे राखणदाराला भागच पडते. विमानतळाची राखण ही काही फार निराळी गोष्ट नाही, श्रोतेहो. शेतात पाखरू आले तर कणीस जाते. धावपट्टीवर आले तर माणसे जातात, एवढाच फरक.

हे दुखणे जवळजवळ विमानाइतकेच जुने. राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले. त्याला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ७ सप्टेंबर १९०५ रोजी ओहायोतल्या मक्याच्या शेताजवळ ऑर्व्हिल राइटच्या विमानाने एक पाखरू मारले. ते पंखावर पडले आणि विमान वळताना खाली घसरले. तेव्हा त्याचे कुणाला काही वाटले नसेल. पण १९१२ साली अमेरिका खंड विमानाने ओलांडणारा पहिला वैमानिक कॅल्ब्रेथ रॉजर्स कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोसळून मेला. कुरव पक्षी विमानाच्या तारांत अडकला, असे कारण सांगतात.

खरी जाग आणली ती बोस्टनने. ४ ऑक्टोबर १९६०, संध्याकाळची वेळ. चार इंजिनांचे इलेक्ट्रा विमान लोगन विमानतळावरून उडाले ते स्टार्लिंगच्या थव्यातच शिरले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या, भोरडीच्याच कुळातले पाखरू. वजन शंभर ग्रॅमसुद्धा नाही. तरी एक इंजिन बंद पडले, आणखी दोहोंचा जोर क्षणभर गेला, आणि विमान बंदराच्या पाण्यात कोसळले. ७२ पैकी ६२ माणसे गेली. आणि हे पाखरू मूळचे अमेरिकेचे नव्हेच! १८९० साली यूजीन शीफलिन नावाच्या हौशी गृहस्थाने युरोपातली साठेक स्टार्लिंग न्यूयॉर्कच्या बागेत सोडली होती.

ह्या अपघातानंतर इंजिनातली पिसे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबोर्न ह्या बाईंपुढे आली. पिसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, संग्रहातल्या पक्ष्यांशी ताडायचा आणि जात ओळखायची, ही विद्या त्यांनी घडवली. मला ही सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. जात कळली की पाखरू काय खाते, कुठे बसते हे कळते. मग गवत किती वाढू द्यायचे, डबके कोणते बुजवायचे हे ठरते. आपल्याकडे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विमानतळांवरच्या पक्ष्यांचा असाच अभ्यास केला. सालिम अली त्यात होते. कचरा आणि उघड्यावरची कत्तल जिथे, तिथे घारी-गिधाडे यायचीच.

हाकलण्याची साधने मात्र गोफणीच्या फारशी पुढे गेली नाहीत. फटाके झाले, गॅसच्या तोफा झाल्या. पण पाखरू हुशार. चार दिवसांत बुजगावण्याच्या डोक्यावर बसते. २०१७ साली कॅनडातल्या एडमंटन विमानतळाने बहिरी ससाण्याच्या रूपाचा, पंख हलवणारा डच बनावटीचा ड्रोन आणला. बुजगावण्यालाच पंख फुटले म्हणा ना!

माझ्या मते ड्रोनचे मोल हाकलण्यापेक्षा पाहण्यात आहे. जीप जात नाही अशी दलदल, छपरावरची घरटी तो दाखवतो. उष्णता टिपणारा कॅमेरा असला तर रात्री गवतातला कोल्हाही दिसतो. अर्थात तोही उडणारी वस्तूच. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचे गॅटविक विमानतळ नुसत्या ड्रोन दिसल्याच्या वर्दीवरून दीड दिवसाच्या आसपास ठप्प झाले होते. तेव्हा राखणदाराच्या ड्रोननेही मनोऱ्याला विचारूनच उडावे, हे ओघानेच आले.

शिवाय राखण करायची कुठवर? १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कचे विमान हंसांच्या धडकेने हडसन नदीत उतरवावे लागले. १५५ जण वाचले. ती धडक धावपट्टीपासून मैलोगणती दूर, आणि पिसे तपासली तर हंस लॅब्राडोरकडून आलेले पाहुणे निघाले. आपल्याकडचेच पाहा. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून आलेले विमान मुंबईत उतरता उतरता ठाणे खाडीच्या बाजूला रोहित पक्ष्यांच्या थव्यावर आदळले. विमान सुखरूप उतरले. चाळीसच्या आसपास रोहित घाटकोपरच्या वस्तीत मरून पडले.