रुग्णाच्या उशाशी

आई किंवा वडील अकस्मात आजारी पडले म्हणजे त्यांस रुग्णालयात न्यावे की घरीच ठेवावे, हा प्रश्न आज आपल्या घरांतून क्वचितच उद्भवतो. न्यावयाचे हे ठरलेलेच असते. कोणत्या रुग्णालयात न्यावे आणि तेथे रात्री कोणी राहावे, एवढाच काय तो विचार. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ह्याच प्रश्नावरून घराघरांत तंटे होत. रुग्णालयाच्या त्या भीतीला आपण आज अज्ञान म्हणून हसतो. परंतु ती सर्वस्वी अज्ञानाची होती असे इतिहास पाहता म्हणवत नाही.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे. अनुरागाला ज्ञानाच्या पंक्तीत बसविले आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडे वैद्य बाहेरून येई, औषध बाहेरून येई. परिचारक मात्र घरातलाच असे. ही सेवा बहुधा सुना, लेकी आणि घरातील विधवा ह्यांच्या वाट्याला येई, आणि त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरता कामा नये.

रुग्णालय ही संस्था ह्याच्या उलट, मूळची बेघरांसाठी व परमुलुखात पडलेल्यांसाठी. गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी जे राजरुग्णालय स्थापिले, ते घरादारापासून हजारो कोस दूर आलेल्या शिपायांकरिता व खलाशांकरिता. मुंबईस १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले आणि पुण्यास १८६७ साली डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून ससून रुग्णालयाची इमारत उभी राहिली. दोन्ही दानशूरांचा हेतू गोरगरिबांस औषधोपचार मिळावा हाच होता. साहजिकच, ज्याला घर आहे आणि घरात माणसे आहेत त्याने तेथे का जावे, असे मध्यमवर्गास वाटत राहिले. वडिलांना तेथे ठेवणे म्हणजे मुलगे असून त्यांस निराधार ठरविणे होय, अशी ती समजूत.

ह्या समजुतीची किंमत काय पडे, ह्याचे एक उदाहरण गांधीजींनी आत्मकथेत नोंदविले आहे. त्यांचे वडील करमचंद गांधी भगंदराने अंथरुणाला खिळले होते. सोळा वर्षांचा मोहनदास, त्याची आई आणि घरातला एक जुना नोकर असे तिघे शुश्रूषेला असत. जखम धुऊन बांधणे, औषध देणे, रात्री पाय चेपणे ही मुलाची कामे. वैद्य झाले, हकीम झाले. शेवटी इंग्रज शल्यवैद्याने शस्त्रक्रिया सुचविली. परंतु ह्या वयात ती नको, असे घरच्या वैद्याचे मत पडले आणि तेच मान्य झाले. १८८५ साली करमचंद वारले. शस्त्रक्रिया झाली असती तर जखम भरून आली असती, असे पुत्राला पुढे वाटत राहिले. त्या घरात अनुरागाची वाण नव्हती. जे उणे होते ते ज्ञानाचे होते.

बारा वर्षांनी मुंबई-पुण्यात ह्याच्या नेमके विरुद्ध घडले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमदानीत गोरे शिपाई घरात शिरून रोगी शोधू लागले. रोग्याची रवानगी रुग्णालयात आणि घरच्यांची वेगळ्या छावणीत होई. संसर्ग थांबवावा हा हेतू शास्त्राला धरून होता. पण ज्या म्हाताऱ्या आईला मुलाच्या हातून उचलून नेले, तिला आणि त्या मुलाला शास्त्राने काहीच सांगितले नव्हते. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी आवई उठली. मुंबईत तर १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती रुग्णालये मोडून नव्हे. आपले अन्न, आपली रीत आणि आपली माणसे जवळ असावीत म्हणून मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयाचा उद्योग केला. त्यांत जातिभेदाचा अंश होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो भेद न मानणारे उदाहरणही त्याच वर्षी पुण्यातच दिसले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुलाकडे विद्या होती. आई स्वतः रोग्यांना घेऊन येई. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई निवर्तल्या. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. घरात मुकाट्याने चालणाऱ्या कामाला विद्येची आणि वेतनाची प्रतिष्ठा आली.

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री, करमचंदांचा तोच मुलगा ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या मेजावर होता. येरवड्याच्या ह्या कैद्याच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत असता विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीस गांधीजींची सुटका झाली. पण लगेच कामाला लागण्याजोगी प्रकृती नव्हती. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्रकाठी जाऊन राहिले. शस्त्रक्रियेची एक रात्र. शक्ती भरून येण्यास मात्र महिने.

हे मधले महिने आपण हिशेबात धरीत नाही. रुग्णालयातून निरोप मिळाला, बिल चुकते झाले, वडील घरी आले, की संकट टळले असे मानून पाहुणे येतात आणि रजा संपून मुलगे कामावर जातात. वस्तुतः परिचारकाचे खरे काम त्याच दिवशी सुरू होते. औषधांच्या वेळा, जखमेची स्वच्छता, न्हाणीघरातली ओली फरशी, रात्री उठताना द्यावयाचा हात, हे सारे आता घरच्यांकडे येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे शुश्रूषेवरील प्रसिद्ध टिपण व्यवसायी परिचारिकांसाठी नव्हे, तर घरोघरी आजाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिले होते, ते काही उगाच नव्हे.

आणि एक गोष्ट कोणत्याही औषधपत्रावर लिहिलेली नसते. ज्यांनी आयुष्यभर घरात आज्ञा केल्या, त्यांना आता जेवणखाण, उठणेबसणे ह्यांविषयी मुलांच्या आज्ञा ऐकाव्या लागतात. प्लेगच्या काळी लोक चिडले ते ह्याचसाठी, की त्यांना न विचारता त्यांची माणसे उचलली गेली. आपल्या माजघरातही प्रेमापोटी तोच रँडशाहीचा कारभार चालू शकतो. वडिलांना काय झाले आहे ते त्यांना सांगावे, काय हवे ते त्यांनाच विचारावे, आणि रात्रीच्या जागरणाचा भार एकट्या सुनेवर न टाकता मुलांनीही वाटून घ्यावा. ज्ञान आता रुग्णालयात विकत मिळते. अनुरागाचा पुरवठा अजून घरूनच करावा लागतो.