शीतक पंखा, शर्यती मोटारगाडीचा
एंजिनाच्या सिलिंडरांवरून किंवा रेडिएटरमधून हवा वाहती ठेवून एंजिनातील अतिरिक्त उष्णता घालविणारा पंखा. शर्यती गाडीत तो बसवावा की नाही, हाच पहिला प्रश्न असतो. वेगवान गाडीच्या रेडिएटरमधून हवा आपोआप वाहते. उलट पंख्याला लागणारी शक्ती चाकांच्या वाट्यातून वजा होते. पंख्याची गती दुप्पट केल्यास हवेचा प्रवाह दुप्पट होतो. परंतु शक्ती मात्र आठपट लागते.

हवेने थंड होणाऱ्या एंजिनांसाठी जर्मनीतील पोर्शे कंपनीने ही किंमत मोजली. एंजिनावर आडवा पंखा असलेल्या तिच्या ‘८०४’ गाडीतून डॅन गर्नी यांनी १९६२ मध्ये रूआं येथील फ्रेंच ग्रां प्री जिंकली. ‘९१७’ गाडीचा मोठा पंखा एंजिन दंतचक्रांद्वारे फिरवीत असे. तिने १९७० व १९७१ मध्ये ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. जपानच्या होंडा कंपनीने ‘आरए ३०२’ गाडीत पंखा न ठेवता समोरून येणाऱ्या हवेवरच भिस्त ठेवली. जॉन सर्टीझ यांनी ही गाडी असुरक्षित मानून शर्यतीत चालविण्यास नकार दिला. ७ जुलै १९६८ रोजी रूआं येथे ती आदळून पेटली व चालक जो श्लेसेर मृत्यू पावले. त्याच शर्यतीत सर्टीझ होंडाच्या पाण्याने थंड होणाऱ्या गाडीतून दुसरे आले.

ब्रॅबम संघाच्या ‘बीटी ४६ बी’ या गॉर्डन मरी यांनी रचलेल्या गाडीचा मागील पंखा रेडिएटरमधून हवा खेची. शिवाय गाडीखालील हवा ओढून तो गाडीला रस्त्याशी घट्ट धरून ठेवी. शीतन हेच त्याचे मुख्य कार्य आहे, असा संघाचा दावा होता. १७ जून १९७८ रोजी निकी लाउडा यांनी स्वीडिश ग्रां प्री जिंकल्यावर संघाने ही गाडी मागे घेतली. पुढे अशा पंख्यांवर बंदी आली.

मुंबई-पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही शर्यती गाड्या बांधतात. वळणावळणाच्या मार्गावर त्यांचा वेग कमी असल्याने रेडिएटरमागे विजेचा पंखा लावणे सोयीचे ठरते. तो गरजेपुरताच चालविता येतो. मराठवाड्यात निलंग्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा हवेत रेडिएटर व हवा यांच्या तापमानांतील फरक घटतो आणि तेवढीच उष्णता घालविण्यास अधिक हवा लागते. म्हणून पंखा निवडताना गाडीच्या कमाल वेगापेक्षा तिचा किमान वेग व हवामान अधिक महत्त्वाचे ठरतात.