तंबूतून उभी राहिलेली साखळी

एकाच मालकीची चित्रगृहे गावोगावी असणे आज नवलाचे नाही. भारतात असे मोठे जाळे प्रथम विणले ते एका पारशी घराण्याने. जमशेटजी फ्रामजी मादन (१८५६–१९२३) मूळचे मुंबईचे. पारशी रंगभूमीवर उमेदवारी करून ते पुढे कलकत्त्यात व्यापारात स्थिरावले. १९०२ साली तेथील मैदानात तंबू ठोकून त्यांनी बायोस्कोपचे खेळ सुरू केले. १९०७ साली 'एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस' हे कायमचे चित्रगृह झाले, १९१९ साली 'मादन थिएटर्स लिमिटेड' ही कंपनी. चित्रपट आणायचे, बनवायचे आणि दाखवायचेही आपणच, ही तिची रीत. जमशेटजींनंतर कारभार मुलांकडे आला. १९३० च्या सुमारास चित्रगृहांची संख्या शंभरावर गेली होती.

मग ही साखळी तुटली कशी? उत्तराचा एक भाग भौतिकशास्त्रात आहे. मूकपटाला प्रकाशझोत, भिंग आणि सरकणारी फिल्म पुरेशी होती. बोलपटाच्या पुढे रूढ झालेल्या पद्धतीत फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी असते. तिच्यातून येणाऱ्या प्रकाशाचे चढउतार प्रकाशविद्युत घट विजेच्या चढउतारांत बदलतो. ते वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवतात. ही नवी यंत्रे प्रत्येक चित्रगृहाला हवी होती! त्यातच जागतिक मंदी आली. जितकी चित्रगृहे अधिक, तितका बोजा अधिक. काही वर्षांतच बहुतेक चित्रगृहे मादनांच्या हातून गेली.

नव्या यंत्राचे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. ते कोणाला परवडले आणि कोणाला नाही, हेही विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.