हगिन्स यांची कुत्री आणि एक चुकलेलं नाव

म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा त्रास पुरुषांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. बहुतेक प्राणी त्यातून सुटलेले आहेत. शिकागो विद्यापीठातले शल्यविशारद चार्ल्स हगिन्स १९३०च्या दशकाअखेर कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधला स्राव मोजत होते. वृषणं काढली की स्राव आटायचा, टेस्टोस्टेरॉन टोचलं की परत यायचा. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या वाढलेल्या ग्रंथीही वृषणं काढल्यावर आक्रसायच्या.

१९४१ साली क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी हेच रुग्णांवर तपासलं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला की रक्तात ॲसिड फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतं, हे तेव्हा ठाऊक झालेलं होतं. वृषणं काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर ते उतरलं. पुरुष-संप्रेरक दिल्यावर चढलं. कॅन्सरची पेशी कुणाचंच ऐकत नाही, हा समज इथे मोडला. १९६६ साली हगिन्स यांना नोबेल मिळालं, पेटन राउस यांच्यासोबत विभागून.

पेशी ऐकते कशी, याचं उत्तर १९६०च्या दशकाअखेर मिळू लागलं. संप्रेरक पकडणारं प्रथिन, म्हणजे ग्राही, पेशीच्या आतच असतो (पुष्कळदा तो 'पेशीवर' असल्याचं लिहिलं जातं, या ग्राहीबाबत ते खरं नाही). संप्रेरक चिकटलं की तो केंद्रकात डीएनएवर बसतो आणि वाढीची जनुकं चालू करतो.

पण दिलासा तात्पुरता ठरायचा. टेस्टोस्टेरॉन तळाला असतानाही गाठी पुन्हा वाढायच्या. हगिन्स यांना अधिवृक्क ग्रंथींचा संशय आला आणि १९४५ साली त्यांनी त्याही काढून पाहिल्या. कॉर्टिसोन औषध म्हणून यायला अजून अवकाश होता. त्याच्याविना अशी शस्त्रक्रिया झेपणारी नव्हती. पुढे अशा कॅन्सरला 'हॉर्मोन-निरपेक्ष' म्हणायची रीत पडली. माझ्या मते या नावाने बरीच वर्षं खाल्ली. निरपेक्षच म्हटल्यावर ग्राहीकडे कोण बघणार?

खुणा मात्र समोर येत होत्या. १९९०मध्ये एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून वाढवलेल्या पेशींत ग्राहीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. त्यामुळे ग्राहीला अडवण्यासाठी बनवलेलं फ्लुटामाइड त्या पेशींना उलट चालना देत होतं. १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की काही रुग्णांत हे औषध नुसतं थांबवल्यावर पीएसए उतरतो! १९९५मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना उलटलेल्या काही गाठींत ग्राहीच्या जनुकाच्या वाढीव प्रती आढळल्या. २००४मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांत वाढवलेल्या गाठींवरून दाखवलं, की ग्राहींची संख्या वाढली की उरलंसुरलं संप्रेरकही गाठीला पुरतं.

मग नाव बदललं: 'खच्चीकरणाला न जुमानणारा' कॅन्सर. अमेरिकेत २०११ साली मंजूर झालेलं ॲबिरॅटरोन अधिवृक्क ग्रंथींतलं आणि खुद्द गाठीतलंही पुरुष-संप्रेरक बनणं रोखतं. म्हणजे हगिन्स यांचा १९४५चा संशय गोळीच्या रूपात परत आला. २०१२ साली आलेलं एन्झालुटामाइड थेट ग्राहीलाच अडवतं.

दोन्ही औषधं जिथे चालत नाहीत अशा काही रुग्णांच्या गाठींत ग्राहीची एक तोकडी आवृत्ती सापडते. तिला संप्रेरक पकडणारा भागच नसतो, तरी ती कायम चालू राहते. संप्रेरकाची गरज तिला खरोखरच नाही. ग्राही मात्र अजून तिथेच आहे.